मोटरला वारा कोण घालतं?

‘मोटर गरम का होते?’ असा प्रश्न व्हायवाला आला की आपण सगळे सुटलो. कॉपर लॉस, आयर्न लॉस, फ्रिक्शन अँड विंडेज... झोपेतसुद्धा सांगू. पण एक्स्टर्नलने त्याच दमात ‘बरं, मग थंड कशाने होते?’ असं विचारलं की आपण एकमेकांची तोंडं बघायला लागतो. एखादा हुशार ‘फॅनने, सर’ म्हणतो. सर विचारतात, ‘तो फॅन कोण फिरवतं?’ आणि तिथे आपले पाच मार्क जातात.

मित्रांनो, हा लेख त्या पाच मार्कांबद्दल आहे. बीईच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने मला हाच प्रश्न चाकणला भेटला. तोही प्रश्नपत्रिकेत नाही, एका माणसाच्या पगाराच्या चिठ्ठीवर!

माझ्या मामांचं भोसरी एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक गाळा, एक वाइंडिंगचं मशीन, वार्निश सुकवायचं ओव्हन आणि दारात ओळीने मांडलेल्या जळक्या मोटरी. तिथे येणारी प्रत्येक मोटर ‘अचानक जळाली’ असंच सांगत येते. मामा मात्र ऐकत नाहीत, ते आधी मोटर उघडतात. आपण पत्रिका बघतो तसे ते स्टेटर बघतात, फरक एवढाच की त्यांचं भविष्य चुकत नाही. स्टार कनेक्शनच्या मोटरची एक लाइन गेली तर दोन फेजच्या कॉइल काळ्या पडतात आणि तिसऱ्या फेजच्या कोऱ्या करकरीत राहतात. डेल्टात उलटं, एकाच फेजच्या जळतात आणि दोन वाचतात. एकाच जागी भोक पडल्यासारखं जळलं असेल तर तिथलं इन्सुलेशन दुखावलेलं. आणि सगळ्या कॉइल गोलाकार सारख्याच भाजलेल्या, वार्निशचा कोळसा झालेला असेल, तर ती मोटर उकडून मेली. चार वर्षांत मला कुठल्या लेक्चरला हे ऐकल्याचं आठवत नाही. (लेक्चरला बसलेली असूनही!)

तर दिवाळीच्या सुमारास तिथे एक 3 एचपीची, 4 पोलची मोटर आली. पावसाळ्यापासून तिसऱ्यांदा. सगळ्या कॉइल एकसारख्या काळ्या.

मामा म्हणाले, ‘‘अगं, माझं काय, माझं बिल होतंय. पण एकच मोटर तीनदा आली की लोक वाइंडिंगवाल्यालाच नावं ठेवतात. तुला प्रोजेक्ट पाहिजे होता ना? जाऊन बघ जरा.’’

चाकणजवळचं ते एक छोटं पावडर कोटिंगचं युनिट. नाव लिहीत नाही, आणि अशी युनिटं तिथे गल्लोगल्ली आहेत. मोशी, कुरुळी, आळंदी फाटा आणि मग तळेगाव चौकातला तो जगप्रसिद्ध ट्रॅफिक... पोहोचेपर्यंत माझं स्वतःचं कूलिंग बंद पडलं होतं.

पावडर कोटिंग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रॅकेट, फ्रेम वगैरे लोखंडी माल वर फिरणाऱ्या साखळीला हुकांनी टांगतात. आधी त्यावर रंगाची कोरडी पावडर विजेच्या चार्जने चिकटवतात, मग तो टांगलेला माल सरकत सरकत ओव्हनमधून जातो. आत साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअस. तिथे दहा ते वीस मिनिटांत पावडर वितळून पक्की बसते. ही साखळी ओढणारी मोटर म्हणजे आपली 3 एचपी. ती बसवलीय वर, प्लॅटफॉर्मवर, ओव्हनच्या छताला लागून. गरम हवा वर जाते हे आपल्याला पाचवीत शिकवतात. प्लॅटफॉर्म बनवणाऱ्याचा तो धडा बहुतेक राहून गेला असावा. खाली जमिनीवर 36 अंश होते, वर मोटरशेजारी 51. नेमप्लेटवर अँबियंट लिहिलं होतं 40.

साखळी मध्येच थांबली तर ओव्हनमध्ये अडकलेला माल भाजून पिवळा पडतो, तो सगळा रिजेक्ट. शिवाय गाडीच्या कंपनीत माल ठरल्या वेळेला पोहोचला नाही तर तिथून फोन येतो. म्हणजे मोटर जळाली की कोणावर तरी खापर फुटणारच. ते फुटलं होतं साखळीच्या ऑपरेटरवर.

हा भाऊ लातूरकडचा, कंत्राटी. सुपरवायझरचं म्हणणं सरळ होतं: हा हुकांना जास्त माल टांगतो, मोटर ओव्हरलोड होते, म्हणून जळते. रिवाइंडिंगच्या बिलातला काही हिस्सा ठेकेदारामार्फत त्याच्या पगारातून कापायचं ठरलं होतं, आणि दोन महिने कापूनही झालं होतं. मी विचारलं तेव्हा तो आधी काही बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, ‘‘ताई, मी कुठं काय करायलो? कागदावर लिव्हलेला नंबर लावायलो निस्ता.’’

हा ‘नंबर’ म्हणजे ड्राइव्हवरचे हर्ट्झ. आणि सगळी भानगड तिथेच होती.

त्या युनिटात आधी दुचाकीचे पातळ ब्रॅकेट यायचे. पातळ पत्रा लवकर तापतो, साखळी 45 हर्ट्झवर पळायची. पावसाळ्याच्या तोंडावर ट्रकच्या जाड ब्रॅकेटची ऑर्डर आली. जाड लोखंडाला आतपर्यंत तापायला वेळ लागतो, म्हणून ते ओव्हनमध्ये जास्त वेळ ठेवायचं, म्हणून साखळी हळू. प्लॅनिंगने कागदावर 20 हर्ट्झ लिहून दिले. अगदी बरोबर लिहिले! कोटिंगच्या दृष्टीने त्यात काडीची चूक नव्हती.

मी क्लॅम्प मीटर लावला. नेमप्लेटवर 4.7 अँपिअर, साखळी भरलेली असताना मोटर घेत होती 4.1. म्हणजे ओव्हरलोड नव्हताच. ओव्हरलोड रिले तिन्ही वेळा ट्रिप झाला नव्हता, हे सुपरवायझर स्वतःच सांगत होता; ‘रिलेपण खराब आहे बहुतेक’ अशी पुस्तीही जोडत होता. रिले बिचारा ठणठणीत. तो फक्त करंट बघतो, आणि करंट ठीक होता.

आता थोडी थिअरी. झोपू नका.

ही मोटर होती टीईएफसी, म्हणजे टोटली एन्क्लोज्ड फॅन कूल्ड. एमआयडीसीत तुम्ही डोळे मिटून हात लावाल ती दहातली नऊ वेळा हीच असते. चारी बाजूंनी बंद, अंगावर फिन्स, आणि मागच्या टोपणाखाली शाफ्टवरच बसवलेला पंखा. कूलिंगच्या पद्धतींना नावं देणारं एक स्टँडर्ड आहे, आयएस 6362. त्यात हिचा कोड आयसी 411. ह्यातला 4 सांगतो की उष्णता बॉडीच्या पृष्ठभागावरून बाहेर जाते. पहिला 1 सांगतो की आतली हवा मोटर स्वतःच घुसळते. शेवटचा 1 सांगतो की बाहेरचा वाराही मोटरच्याच फिरण्याने मिळतो. सगळी गोम ह्या शेवटच्या आकड्यात आहे. तिथे 0 असेल तर पंखाच नाही, अंगाने तापून हवेत सोडायचं. 6 असेल तर मोटरवर बसवलेला पण वेगळ्या मोटरवर चालणारा पंखा. 8 असेल तर वारा दुसऱ्याच कोणाचा, जसं कूलिंग टॉवरच्या मोठ्या पंख्याच्या झोतात उभी असलेली मोटर.

म्हणजे 411 वाली मोटर स्वतःला स्वतःच वारा घालते. 50 हर्ट्झवर झकास. 20 हर्ट्झवर तिचा वेग उरतो 40 टक्के, पंख्याचा वाराही 40 टक्के. पण साखळी ओढायला लागणारा जोर? तो तेवढाच! माल हळू ओढला म्हणून हलका होत नाही. जोर तोच, म्हणून करंट तोच, म्हणून तांब्यातला लॉस तोच. लोखंडातला लॉस थोडा उतरतो, पण त्याने भागत नाही. वरून ओव्हनशेजारची 51 अंशांची हवा आणि टोपणाच्या जाळीत बसलेली रंगाची पावडर. आहे तो 40 टक्के वारासुद्धा धड आत जात नव्हता.

इथे एक गंमत सांगते. हीच मोटर, हाच ड्राइव्ह, हेच 20 हर्ट्झ सेंट्रिफ्यूगल पंपावर लावा, काही होणार नाही. कारण पंपाला लागणारा टॉर्क वेगाच्या वर्गाने उतरतो. 40 टक्के वेगाला फक्त 16 टक्के टॉर्क. वारा कमी झाला, पण गरमी त्याहून कमी झाली. म्हणून ‘ड्राइव्ह लावल्याने मोटर जळते’ हे जे दुकानादुकानांत ऐकू येतं ते अर्धंच खरं आहे. कशावर लावलाय ते विचारायला हवं.

हे सगळं मी ऑपरेटरभाऊंना माझ्या परीने सांगत होते. कागदावर ग्राफबिफ काढून. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘म्हंजी बोअरातलं पाणी गेल्यावर होतं तसं. अँपिअर कमी दावतंय आन् मोटर जळती.’’

मी पेन खाली ठेवलं. शेतातल्या सबमर्सिबल मोटरला पंखा नसतो, तिच्या अंगावरून वर जाणारं पाणी हेच तिचं कूलिंग. बोअर आटली की पंपाला ओढायला काही उरत नाही, करंट खाली येतो, ओव्हरलोड रिले खूश. आणि मोटर पाण्यावाचून आत शिजते. म्हणून तर ड्राय रन प्रिव्हेंटर करंट कमी झाल्यावर मोटर बंद करतो. माझ्या ग्राफपेक्षा त्यांचं उदाहरण सरस होतं, आणि रिपोर्टमध्ये मी तेच पहिल्या पानावर टाकलं.

पण ‘गरमीने जळते’ एवढं म्हणून सुपरवायझर ऐकणार नव्हता, आकडा हवा होता. वाइंडिंगच्या आत थर्मामीटर खुपसता येत नाही. पण तांबं स्वतःच थर्मामीटर आहे. गरम झालं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. गार आणि गरम रेझिस्टन्सचं गुणोत्तर म्हणजे दोन्ही तापमानांत 234.5 मिळवून येणाऱ्या बेरजांचं गुणोत्तर. गुरुवारी आपल्या भागात एमआयडीसीला सुट्टी असते, तेव्हा गार मोटरचं रीडिंग घेतलं: 29 अंशांना 5.20 ओहम. शुक्रवारी चार तास जाड माल चालवून, साखळी रिकामी झाल्यावर बंद केली आणि ड्राइव्हच्या वायरी सोडवून लगेच मोजलं. मोटर बंद झाल्या क्षणापासून निवत जाते, म्हणून दर अर्ध्या मिनिटाला रीडिंग घ्यायचं आणि ग्राफ मागे ओढून बंद केल्याच्या क्षणाला न्यायचा. उत्तर आलं 7.55 ओहम. हिशोब करा: 148 अंश! आणि हे झालं सरासरी. आतला सर्वांत गरम कोपरा त्याहून दहाएक अंश वर धरतात. मामांनी भरलेलं इन्सुलेशन क्लास एफ, त्याची मर्यादा 155. म्हणजे चौथ्यांदा रिवाइंडिंगची तयारी चालूच होती.

आता उपाय. इथे आमच्या ग्रुपमध्ये महाभारत झालं. आमच्यातले दोघं कॉलेजच्या ई-व्हेइकल टीममध्ये आहेत, त्यांना लिक्विड कूलिंगशिवाय दुसरं काही दिसत नाही. त्यांचंही खरं आहे. 2020 मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीची मोटर लिक्विड कूल्ड आहे. जून 2022 मध्ये आकुर्डीत बजाजचा चेतक इलेक्ट्रिकचा नवा कारखाना सुरू झाला, चाकणला महिंद्राच्या इलेक्ट्रिक गाड्या बनतात, आणि प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूला हल्ली हेच विचारतात. तेवढ्याच घनफळाचं पाणी हवेपेक्षा साधारण साडेतीन हजारपट उष्णता उचलतं. गाडीत जागा कमी, पॉवर जास्त, मोटर चिखलपाण्यापासून पूर्ण बंद, आणि इन्व्हर्टरही त्याच पाण्यावर गार होतो. तिथे वॉटर जॅकेट हवंच. सीएनसीच्या स्पिंडललाही हवं, कारण तिथे मोटर जळण्याची भीती नंतरची, गरमीने स्पिंडल वाढून मायक्रॉन बिघडण्याची आधी.

पण आपल्या साखळीच्या मोटरची उधळपट्टी किती? 2.2 किलोवॅटची मोटर 84 टक्के एफिशियन्सीने चालली तर साधारण 400 वॅट उष्णता. जुने शंभरचे चार बल्ब! त्याच्यासाठी पंप, टाकी, रेडिएटर, नळ्या. त्यात बोअरचं जड पाणी घालून आत क्षार जमवायचे. आणि हे सगळं 200 अंशांच्या ओव्हनच्या डोक्यावर. नळी फुटली तर? मी नाही म्हटलं. भांडण दोन दिवस चाललं.

दुसरा पर्याय होता मोठी मोटर, 5 एचपी. वाईट नव्हता, पण फ्रेम बदलते. तिसरा, गिअरबॉक्सच बदलून मोटर जास्त वेगाने फिरवायची. मग जाड मालाला 40 हर्ट्झ ठीक, पण पातळ मालाला 90 लागले असते आणि 50 च्या वर टॉर्क उतरत जातो. चौथा, इन्सुलेशन क्लास एच करा, 180 अंशांपर्यंत सोसेल. त्यावर मामांनी एका वाक्यात निकाल दिला: ‘‘जास्त सोसतंय म्हणून ताप उतरतो होय?’’ खरंच, बेअरिंगच्या ग्रीसला कुठला क्लास एच?

राहिला आयसी 416. शाफ्टवरचा पंखा काढला, मागे लांब टोपण लावून त्यात स्वतःच्या मोटरवर चालणारा पंखा बसवला. साखळी 45 वर असो की 20 वर, वारा तेवढाच. पण 51 अंशांची हवा जोरात फुंकून उपयोग काय? म्हणून ओव्हन आणि मोटरच्या मध्ये ग्लासवूल भरलेला दुहेरी पत्रा उभा केला आणि पंख्याला खालच्या बाजूने हवा घेऊ दिली. मोटरशेजारी 41 अंश आले.

दोन गोष्टी जुनिअर्सनी लिहून घ्याव्यात. एक, ह्या पंख्याची वायर ड्राइव्हच्या आउटपुटवरून घ्यायची नाही, सरळ मेन्सवरून घ्यायची. नाहीतर साखळी हळू केली की पंख्याची फ्रिक्वेन्सीही उतरते आणि आपण पुन्हा 411 वर. तिथला इलेक्ट्रिशियन वायर वाचवायला तेच करायला निघाला होता. दोन, आता पंखा बंद पडला तर मोटरला कोणी वाली नाही. म्हणून पंख्याच्या कॉन्टॅक्टरचा इंटरलॉक दिला, आणि मामांनी रिवाइंडिंग करतानाच तिन्ही फेजमध्ये एकेक पीटीसी थर्मिस्टर गुंफून दिला. तापमान हद्दीला पोहोचलं की त्याचा रेझिस्टन्स एकदम उसळतो आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. हा करंट नाही बघत, खुद्द गरमी बघतो. जाळीत पावडर बसली तरी तो ओरडेल.

सगळं दोन रिवाइंडिंगच्या बिलांत बसलं. पुन्हा चार तास जाड माल, पुन्हा तेच रीडिंग: 6.58 ओहम, म्हणजे 99 अंश. दर आठ-दहा अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य दुप्पट धरतात. त्या हिशोबाने मोटर कितीपट जगेल हा आकडा आमच्यातल्या एकाने प्रेझेंटेशनमध्ये मोठ्या अक्षरांत टाकला होता. गाईड सरांनी तो काढायला लावला. ‘‘बेअरिंग आधी जाईल रे,’’ म्हणाले.

कपातीचं सांगायचं राहिलं. आमचा रिपोर्ट मालकांनी वाचला, निदान पहिलं पान तरी. तिसऱ्या महिन्यापासून कपात थांबली. आधीच्या दोन महिन्यांचे पैसे मात्र ‘ठेकेदाराशी बोलतो’ वर अडकलेत. ऑपरेटरभाऊंनी रिपोर्टची झेरॉक्स मागून घेतली आणि रीडिंगच्या पानावर माझी सहीही घेतली. मी इंजिनिअर नाही अजून, असं सांगून पाहिलं. ‘‘राहू द्या, ताई’’ म्हणाले. ठेकेदाराच्या ऑफिसात ते दोनदा जाऊन आलेत. मामांकडे त्या युनिटातून फेब्रुवारीपर्यंत एकही मोटर आली नाही, त्याबद्दल मला घरी जेवताना टोमणे ऐकावे लागतात.

आता तिथे आणखी जाड ब्रॅकेट येतोय, 14 हर्ट्झवर चालवावा लागेल म्हणे. मोटरच्या वाऱ्याची चिंता नाही. पण गिअरबॉक्समध्ये तेल उडतं ते दात्यांच्या वेगाने, आणि एवढ्या हळू वेगाला ते वरच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतं का ते बघायला हवं. येत्या गुरुवारी जातेय. कोणाला यायचं असेल तर सकाळी सातला भोसरीत भेटा, तळेगाव चौक भरायच्या आत.